दोन गोळ्यांच्या मधला वेळ

रात्रीचा दीड वाजला तरी झोप नाही, आणि कारण म्हणावं तर एवढंसं. सिनेमातल्या जवानाने थ्री नॉट थ्रीतून लागोपाठ चार गोळ्या झाडल्या आणि बोल्टला एकदाही हात लावला नाही.

ती रायफल तशी चालतच नाही. बोल्टची दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुंगळी बाहेर उडाली की पुढे सारून खाली दाबायची, तेव्हा कुठे पुढची गोळी. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरायच्या. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की गाडं अडलंच.

हे सगळं लडाखमधल्या रेझांग ला या खिंडीत, 16,000 फुटांहून उंच, नोव्हेंबरात. थंडीने तेल घट्ट होतं, बोल्ट जड जातो. म्हणून तेल पुसून रायफल जवळजवळ कोरडी ठेवायची असते. जाड मोज्यातलं बोट चापाशी नीट जात नाही, आणि मोजा काढला तर कातडी लोखंडाला चिकटते.

18 नोव्हेंबर 1962, चीनशी युद्ध चालू. 13 कुमाऊं बटालियनची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंह, जेमतेम 120 जण. मध्ये डोंगर आडवा, त्यामुळे आपल्या तोफांचा त्यांना काही उपयोग नाही. म्हणजे प्रत्येक गोळीमागे तोच बोल्ट, तीच बधिर बोटं. आणि पडद्यावर नेमकं तेच गाळलेलं. हे मलाच का इतकं लागतं? कुणाला सांगावं तर म्हणतील, एवढ्या-तेवढ्याचं काय घेऊन बसलात. त्या कंपनीतल्या पोरांच्या घरी काय झालं असेल... ते आज नको.

तसं पाहिलं तर संकलकाचाही नाइलाज असतो. प्रत्येक गोळीला बोल्ट दाखवला तर प्रसंग संपायचा नाही. ‘हकीकत’ हा याच युद्धावरचा सिनेमा 1964चा, युद्धाला जेमतेम दोन वर्षं झालेली; चेतन आनंद सगळा लवाजमा घेऊन लडाखला गेले. मागचे डोंगर तरी खरे आहेत. बाकीचं सोडून द्यावं, असं आता वाटतंय.

पण बोल्टचं सुटत नाही. पुढच्या वर्षी बर्फ हटल्यावर त्या कंपनीतले मृत जवान मोर्च्यांत सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातात शस्त्रं तशीच होती. जखमींना बघणाऱ्याच्या हातात सिरिंज आणि पट्टी होती.

एकदाच दाखवा. एकच जवान, एकच गोळी, मोजा काढण्यापासून.