मोर्च्यात जायला सॅलरी स्लिप दाखवावी लागते का?

आमच्या ऑफिसच्या लंच टेबलवर एक वाद कायमचा मुक्कामाला आहे. कुठलाही मोर्चा निघाला आणि त्यात कोणी बऱ्या घरचं माणूस दिसलं, म्हणजे स्वतःचा फ्लॅट, घरात दोन पगार, मुलं चांगल्या शाळेत असं कोणी, की एक जण हमखास म्हणणार, ‘ह्यांना काय कमी आहे? भरल्या पोटाची नाटकं सगळी.’ आणि हे म्हणणाऱ्याचंही पोट भरलेलंच असतं, नुकताच मटार पनीरचा डबा चाटूनपुसून संपवलेला असतो त्याने.

मला हा आक्षेप फार सोयीचा वाटतो. गरिबाने आवाज केला की म्हणायचं, त्याला कोणीतरी फूस लावली. पैसेवाल्याने केला की म्हणायचं, तुला काय करायचंय. मग बोलायचं कोणी, सांगा ना.

२०१८ चा किसान लाँग मार्च आठवतोय? ६ मार्चला नाशिकहून निघाला आणि जवळपास १८० किलोमीटर चालत मुंबईत आला, हजारो माणसं, त्यातली बरीचशी सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण ह्या भागातले आदिवासी शेतकरी. आम्ही ठाण्यात राहतो, त्यामुळे रविवारी आमच्या बिल्डिंगमधले बरेच जण हायवेवर गेलो होतो, बिस्किटांचे पुडे, पाण्याचे बॉक्स, कोणी पोहे करून आणलेले. शेजारच्या काकूंनी मुलाचे जुने शाळेचे बूट आणले होते, आता चालून पाय फुटलेल्या मोठ्या माणसांना ते काय उपयोगाचे, पण आणले. एका बाईंच्या चपलेचा अंगठा तुटलेला, त्यांनी साडीची चिंधी फाडून ती पायाला बांधलेली, माझ्या आईच्या वयाच्या असतील. त्यांनी ते बूट हातात घेऊन उलटेसुलटे बघितले, हसल्या, ‘नातवाला होतील’ म्हणाल्या आणि पिशवीत टाकले. काकूंनी विचारलं, तुमची मागणी काय आहे हो? बाई म्हणाल्या, ‘कसतो ती जमीन नावावर करा.’ एवढंच. वनहक्काचा कायदा २००६ चा, म्हणजे तेव्हा कायद्याला बारा वर्षं होत आली होती आणि ह्या बाई कसत्या वनजमिनीच्या पट्ट्यासाठी, म्हणजे हक्काच्या कागदासाठी, हायवेवरून चालत होत्या.

पुढचं सगळ्यांना माहितीये. सोमवारी दहावीचा पेपर होता, पोरांना त्रास नको म्हणून ते लोक रात्रीच सोमय्या मैदानातून उठून आझाद मैदानापर्यंत चालत गेले, मुंबई गहिवरली, सरकारने १२ तारखेला लेखी आश्वासनं दिली, परतायला स्पेशल गाड्या सोडल्या. आम्ही पण गहिवरलो, खोटं कशाला बोलू. फोटो टाकले, लाइक आले.

पण खरी परीक्षा पुढेच असते. २०२३ च्या सुरुवातीला कांद्याचे भाव इतके पडले की सोलापूरच्या बाजारात पाच क्विंटल कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला, हमाली, तोलाई, भाडं सगळं कापून. मार्चमध्ये परत दिंडोरीकडून लाँग मार्च निघाला, ह्यावेळी कांद्याला क्विंटलमागे ६०० रुपये अनुदान ही एक मोठी मागणी होती. तो ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदपर्यंत आला, बोलणी झाली, तिथूनच लोक परत गेले. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्याचे भाव चढायला लागले तर केंद्राने ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद करून टाकली, ती थेट पुढच्या मे महिन्यात उठली. कोणासाठी? तुमच्याआमच्यासाठी. शहरात कांदा महागला तर आपण बोंब मारतो आणि ती बोंब दिल्लीत बरोबर ऐकू जाते. ज्या ग्रुपवर बिस्किटवाटपाचे फोटो आले होते त्याच ग्रुपवर ‘कांदा रडवतोय’चे जोक फिरत होते, आणि कुणाला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, सुखवस्तू माणसाने मोर्च्यात यावं का हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. यावं की. गोदावरी परुळेकर पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, वकिलीची डिग्री घेतलेल्या, आणि वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींना उभं करायला तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर जाऊन राहिल्या. १९४५ साली झरीला हजारो वारली जमले आणि जमीनदाराकडे वेठीला जाणार नाही असं ठरवलं, त्या लढ्यामागे ह्या बाई आणि त्यांचे पती शामराव परुळेकर होते, किसान सभेतर्फे. २०१८ चा मोर्चा काढणारी किसान सभा तीच. दत्ता सामंत डॉक्टर होते, त्यांनी १९८२ चा गिरणी संप चालवला, अडीच लाख कामगारांचा. (संप चुकला की नाही ह्यावर आमच्या लालबागच्या मामांशी बोलायला बसलात तर जेवण थंड होईल.) मार्क्सचा साथीदार एंगल्स, त्याच्या घरच्यांची तर मँचेस्टरच्या सूतगिरणीत भागीदारी होती. ‘तुम्ही आमच्यातले नाही’ ह्या हिशोबाने ह्या सगळ्यांना गेटवरूनच परत पाठवावं लागलं असतं.

आता सगळ्यांना काही गोदावरीबाई होता येणार नाही, मला तर अजिबातच नाही, मला वीकेंडला पण झोप लागते. पण एक फरक दिसतो. त्या गेल्या त्या बाजूने गेल्या जिथे त्यांच्याच वर्गाचं नुकसान होतं. आणि आपण शहरातले लोक बहुतेक वेळा तेवढंच देतो ज्याने आपलं काही हलत नाही. जुने बूट दिले तर काय जातं? कांदा किलोला वीस रुपयांनी महाग घ्यायला तयार आहात का, हमीभावाला कायद्याचा आधार मिळाला आणि किराण्याचं बिल वाढलं तर तोंड बंद ठेवाल का, टॅक्स जरा जास्त भरायची वेळ आली तर? इथे हो म्हणत असाल तर बिनधास्त या, गाडी लांब पार्क करा म्हणजे झालं. आणि हो, आल्यावर वरपक्षासारखं पुढे जाऊन बसू नका. माइक त्यांच्या हातात राहू दे. इंग्रजी चॅनेलवाले बरोबर आपल्यालाच शोधत येतात, कारण आपल्याला ‘बाइट’ देता येतो, मग संध्याकाळच्या बातमीत सुरगाण्याची बाई राहते बाजूला आणि दिसतो कोण तर ठाण्याचा सॉफ्टवेअर इंजिनियर.

काही कार्यकर्ते म्हणतात की पैसेवाले आले की लढा बोथट होतो, मवाळ मागण्या, मेणबत्त्या वगैरे. ते पूर्ण खोटं नाही. पण त्याला उपाय त्यांना हाकलणं नाही, मागण्या कोण ठरवतं हे पक्कं ठेवणं.

हे सगळं लंच टेबलवर बोलले तर समोरचा म्हणाला, ‘अगं, तू आधी तुझ्या सोसायटीपासून सुरू कर की.’ टोमणाच होता पण मुद्दा बरोबर होता. आमच्याकडे वॉचमन बारा तास ड्युटी करतात, एजन्सी त्यांच्या हातात किती टेकवते हे कमिटीतल्या कोणालाच नक्की माहीत नाही. मी गेल्या मिटिंगला लिहून दिलं की आठ तासांच्या तीन शिफ्ट करा, पगाराच्या पावत्या एजन्सीकडून मागवा, मेंटेनन्स प्रत्येक फ्लॅटमागे काही शेकड्यांनी वाढेल. बूटवाल्या काकूंनी पहिला हात वर केला, सपोर्टला, मला खरंच अपेक्षा नव्हती. बाकीच्यांनी मात्र लिफ्टच्या एएमसीवरच, म्हणजे वर्षाच्या देखभाल करारावरच, पाऊण तास काढला, आणि माझा विषय आला तोवर अर्धे लोक मॅच बघायला घरी गेले होते. सेक्रेटरी म्हणाले कोरम नाही, पुढच्या वेळी घेऊ.