महिनाअखेरचा हिशेब
कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर झाला, तेव्हापासून लागवड आणि प्रक्रिया करणाऱ्या परवानाधारकांना मागील महिन्याच्या साठ्याचा अहवाल १५ तारखेपर्यंत हेल्थ कॅनडा या तिथल्या केंद्रीय आरोग्य खात्याकडे सादर करावा लागतो. आमच्या ऑन्टारियोतील युनिटमध्ये आजचा सारा दिवस त्याच तयारीत गेला. आरंभीचा साठा गेल्या अहवालातील अखेरच्या साठ्याशी जुळावाच लागतो. शिवाय वाळवणीच्या खोलीत ओल्या फुलांचे वजन झपाट्याने उतरते आणि ती घट नीट नोंदवली नाही, तर माल गहाळ झाल्यासारखे दिसते, म्हणून प्रत्येक बॅचचे काट्यावरचे वजन नोंदवहीशी पुन्हा ताडून पाहिले. नष्ट केलेल्या मालाचीही नोंद लागते. हे काम मला मनापासून महत्त्वाचे वाटते, कारण परवान्याचा माल काळ्या बाजारात जात नाही, हे याच आकड्यांतून दिसते. उद्या वरिष्ठांच्या नजरेखालून गेला की अहवाल पाठवू.