सात तारीख

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सुट्टी गुरुवारची. 2025 च्या ऑगस्टमध्ये सात तारीख नेमकी गुरुवारी आली, म्हणून पगार बुधवारीच करायचं ठरलं होतं. शनिवारी राखी. दोघा ऑपरेटरांनी जळगावची तिकिटं काढून ठेवलेली. आणि बुधवारी सकाळी खात्यात 1 लाख 8 हजार. पगाराला लागणार होते 2 लाख 34 हजार.

पैसे बुडाले नव्हते, अडकले होते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला लागणारे बुश, म्हणजे धातूचे पोकळ गोल भाग, आम्ही संगणकावर चालणाऱ्या चार सीएनसी लेथवर काढतो, अकरा माणसं. माल घेणाऱ्या कंपनीकडे जूनच्या सुरुवातीची बिलं पडून होती. 2006 चा एमएसएमई कायदा म्हणतो की छोट्या पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एप्रिल 2024 पासून प्राप्तिकरातही तरतूद आली: वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. तक्रारीला सरकारी पोर्टल आहे. सगळं आहे. फक्त तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार, एवढंच त्यात कुठे लिहिलेलं नाही. खरेदी विभागातल्या साहेबांचं उत्तर ठरलेलं असतं, "पेमेंट रनला लावलंय." त्याच बिलांवरचा जीएसटी मात्र मी 20 जुलैला भरून मोकळा झालो होतो. कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या बँकेच्या कर्जाची, मर्यादाही संपत आलेली.

अशा दिवशी आमच्याकडे मालक फोन बंद करून ‘पार्टीकडे’ जातात. कामगारांना ते बरोबर कळतं. मी दहाच्या चहाला मशीन थांबवायला सांगितल्या, प्रॉडक्शनचा बोर्ड पुसला आणि आकडे लिहिले. येणं किती, खात्यात किती, पगार किती, लाइट बिल किती, बँकेचा हप्ता किती. आहेत तेवढ्या पैशांत बसणारा हिशेब केला होता, तोही सांगितला: आज प्रत्येकाला 46 टक्के, उरलेले पैसे आले की त्याच दिवशी.

आमचे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, वयाने सगळ्यांत मोठे, त्यांना सगळे मामा म्हणतात. मीही. ते म्हणाले, "शेठ, घरमालक टक्के घेत नाही."

मग त्यांनी माझ्या हातातला मार्कर घेतला. पुढचा अर्धा तास जे चाललं त्यात मला फारसं काम नव्हतं. मामांनी एकेकाला नाव घेऊन विचारलं, "तुझं काय अडतंय ते सांग. किती पाहिजेत ते नंतर." तिघा हेल्परांचं सगळंच अडत होतं, त्यांचे 48 हजार आधी बाजूला निघाले. मामांनी स्वतःच्या घराच्या कर्जाचा हप्ता लिहिला, 12 हजार, त्यावर एक रुपया नाही. ऑफिसमधल्या मुलीच्या भावाची फी होती, ती दहा हजार म्हणाली. क्वालिटीवाला आईवडिलांकडे राहतो. तो आधी काहीच नको म्हणाला, मग पेट्रोलपुरते तीन हजार घेतले. उरलेल्यात पाच ऑपरेटर, सात-सात हजार.

इथे खरी खटखट झाली, ती भिशीवरून. वर्कशॉपमध्ये दहा जणांची भिशी चालते, महिन्याला दोन हजार. त्या महिन्याचा नंबर एका हेल्परचा होता आणि त्याच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. ऑपरेटरांतला एक जण म्हणाला, "या महिन्यात भिशी बंद ठेवू." दुसरा उसळला, "एकदा बंद ठेवली की ती मोडली." आवाज चढले. मला मध्ये पडावंसं वाटलं, पण मामांनी नुसती मान हलवली. शेवटी ठरलं की भिशी होणार. मामा आणि क्वालिटीवाल्याचे चार हजार मी घरच्या पैशातून घालायचे आणि नंतर त्यांच्या पगारातून वळते करायचे. माझ्या कंपनीचा प्रश्न भिशीने सोडवावा आणि भिशीचा प्रश्न माझ्या बायकोने, असा एकूण प्रकार.

मला अवघड प्रश्न आला तो सगळ्यांत लहान ऑपरेटरकडून.

"शेठ, तुम्ही किती घेणार?"

"या महिन्यात काही नाही."

"मागच्या महिन्यात?"

"साठ हजार."

तो बोर्डाकडे बघत राहिला. "मला वाटलं जास्त असेल," म्हणाला. हे कौतुक होतं की कीव, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग त्याची नजर लाइट बिलावर गेली. "हे तर तिघा हेल्परांच्या पगाराएवढं आहे!" होतंच, 48 हजार.

उद्योजकांच्या असोसिएशनमध्ये अधूनमधून प्रेरणेवर व्याख्यानं होतात. महिन्याचा उत्कृष्ट कामगार निवडा, भिंतीवर फोटो लावा. आमच्याकडेही एक फ्रेम आहे, तिच्यात आता हवेच्या तपासणीचं सर्टिफिकेट आहे. माझ्या मते माणूस मन लावून काम करतो की नाही, हे त्याचा पगार कुठल्या तारखेला होतो यावर बरंचसं ठरतं आणि ती तारीख चुकणार असेल तर त्याला आधी कोण सांगतं यावर उरलेलं.

पण आकडे एकदा दाखवले की परत झाकता येत नाहीत, हे व्याख्यानात कुणी सांगत नाही. सप्टेंबरमध्ये त्या पाच ऑपरेटरांतला एक सोडून गेला. शॉपची ताकद किती ते त्याने बोर्डावर वाचलं होतं. चाकणला मोठ्या ठिकाणी लागला, मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बाजूने, कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे धातू कापायची बदलती पाती, अर्धे वापरून टाकून द्यायची सवय कमी झाली. चार धारांचा इन्सर्ट दोन धारांवर फेकला की मामा तो उचलून टाकणाऱ्याच्या डब्याशेजारी ठेवायचे, काही न बोलता. जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बंद व्हायला लागला. हे मी कुणाला करायला सांगितलं नव्हतं.

पैसे 19 ऑगस्टला दुपारी आले. दुसऱ्या दिवशी जीएसटीची तारीख होती. संध्याकाळी आधी पगार सोडले, मग सीएला फोन करून शिव्या खाल्ल्या.

दिवाळीच्या बोनसला मी कायद्यातले 8.33 टक्के धरून बसलो होतो. लहान ऑपरेटर वहीचं पान घेऊन आला. त्यावर तीन महिन्यांची लाइट बिलं, इन्सर्टची खरेदी आणि शेवटी दुहेरी अधोरेखित केलेला आकडा.

"शेठ, एवढे वाचलेत. यातले अर्धे आमचे."

कॉम्प्रेसरची बचत त्याने दोनदा धरली होती. ती दुरुस्त करून बाकीचे अर्धे दिले.