धुण्याआधी बाटली वाचा

महाद्वार रोड, गुजरी, लक्ष्मीपुरी. कोल्हापूरच्या या भागात एखादं जुनं औषधाचं दुकान पाडायला काढलं की माळ्यावरून पोतंभर बाटल्या खाली येतात. मग घरातलं कुणीतरी हौसेनं त्या घंगाळात बुडवतं, साबणचुरा टाकतं आणि काथ्यानं खसाखसा घासतं. बाटल्या लखलखतात खऱ्या, पण लेबलं मोरीतून गेलेली असतात. दुकानाचं वय काचेपेक्षा कागदच जास्त नेमकं सांगतो.

लेबलावर ‘कोल्हापूर संस्थान’ असेल तर ते 1 मार्च 1949 च्या आधीचं, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. नुसतं ‘करवीर’ असेल तर फसू नका, तालुक्याचं नाव आजही तेच आहे. किंमत आण्यांत असेल तर 1 एप्रिल 1957 च्या आधीची. ‘न. पै.’ असेल तर 1957 ते 1964 यांमधली, कारण पुढं ‘नवे’ हा शब्द गळाला. पत्त्यात पिन कोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. छापून घेतलेली लेबलं दुकानदार संपेपर्यंत वापरायचा, खोडून किंमत बदलायचा. त्यामुळं ही सालं छपाईची समजा, बाटली त्यानंतरही काही वर्षं चाललेली असू शकते.

काचेवरून वय ठरवताना लोक घाई करतात. साच्याची शिवण बोटानं चाचपत वर जा. ती ओठाच्या खालीच विरली तर तोंड हातानं घडवलेलं, ओठावरून आरपार गेली तर बाटली यंत्रावरची. युरोप-अमेरिकेतल्या बाटल्यांना हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो, आपल्याकडं जपून वापरावा, कारण फुंकून बाटल्या करणं इथं पुष्कळ नंतरपर्यंत चालू होतं. काचेतले बुडबुडेही वयाचा पुरावा नव्हेत. फिकट हिरवट-निळी झाक वाळूतल्या लोखंडामुळं येते, तीही वय सांगत नाही. तळ मात्र उलटा करून जरूर पाहा, तिथं कारखान्याची खूण असू शकते. तळेगावचा पैसा फंड काचकारखाना 1908 चा, कराडजवळच्या ओगलेवाडीचा 1916 चा. ओगलेवाडी म्हटलं की लोकांना प्रभाकर कंदीलच आठवतो, पण कराडचं स्टेशन तिथंच असल्यानं माल रेल्वेनं मिरजेमार्गे कोल्हापुरात यायला सोपा होता. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 पासूनची. तळाच्या कडेवर वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांची झीज नसेल आणि विकणारा ‘शंभर वर्षांपूर्वीची’ म्हणत असेल, तर हसून पुढं जावं.

निळ्या षटकोनी, उभ्या रेघोट्यांच्या बाटल्या विषारी औषधांच्या. रेघोट्या शोभेच्या नाहीत. कंदिलाच्या उजेडात चुकीची बाटली हातात आली तर बोटांना कळावं म्हणून त्या असत. तपकिरी बाटली उजेडानं बिघडणाऱ्या औषधांसाठी, उदाहरणार्थ सिल्व्हर नायट्रेट.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे साध्या मिक्श्चरच्या बाटलीवरची कातरलेली कागदी पट्टी. 6 औंसाची बाटली म्हणजे साधारण 170 मि.ली.; एकेक औंसाचे 6 डोस, दिवसाला 3, दोन दिवसांचं औषध. कंपाउंडर औषधाच्या उंचीएवढी पट्टी घेई, तिची तीन पदरी घडी घालून ती पुन्हा मधोमध दुमडी, आणि मग घडीच्या कडांचे कोपरे कात्रीनं उडवी. उलगडली की दोन्ही बाजूंना खाचा पडलेले 6 सारखे भाग. डिंकानं किंवा खळीनं ती बाटलीच्या सपाट बाजूला चिकटवायची. गोम अशी, की बाटलीचा तळ आत फुगलेला असतो. पट्टी पार खालच्या कडेपासून लावली तर शेवटच्या डोसात औषध कमी भरतं. जाणता हात ती थोडी वरून सुरू करी. पट्टी कुठून सुरू झाली आहे ते बघितलं की त्या दुकानातल्या हाताची सफाई कळते.

काचेचं बूच असलेल्या बाटल्यांत प्रत्येक बूच त्याच बाटलीच्या गळ्यात घासून बसवलेलं असतं. बऱ्याचदा बुचावर आणि गळ्यावर एकच आकडा कोरलेला सापडतो. म्हणून सगळी बुचं एका डब्यात टाकू नका, दोऱ्यानं आपापल्या बाटलीला बांधा. बूच अडकतं ते वाळलेल्या पाकानं, नाहीतर कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीनं काच खाल्ल्यामुळं. पाकाचं असेल तर सांध्यात ग्लिसरीनचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, मग कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मिनिटभर फक्त गळ्याला गुंडाळा. गळा किंचित फुगतो, बूच गारच राहतं. लाकडाच्या दांड्यानं दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं हलकेच टकटक करा. पक्कड लावली की बूच तुटतंच. कॉस्टिकनं धरलेलं बूच सुटत नाही, नाद सोडा.

पण हे सगळं रिकाम्या बाटलीबद्दल. आत काही असेल आणि बुचाभोवती पिवळे खडे दिसले तर हात लावू नका. भाजल्यावर लावायचं पिक्रिक ॲसिड पूर्वी दुकानात असे. ते वाळलं की बूच फिरवतानाच्या घर्षणानंही फुटू शकतं. जुन्या ईथरचंही तसंच. अशा वेळी पोलिसांना कळवा. पाऱ्याचे क्षार, कुचल्याचा अर्क, सोमलाचं (आर्सेनिकचं) पाणी अशा विषांची बाटली मोरीत रिकामी करू नका, ते जयंती नाल्यातून पंचगंगेत जाऊ शकतं.

पुराचं पाणी लागलेल्या बाटल्यांचा प्रश्न वेगळा. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर हेच हाल सगळीकडं दिसले. गाळ वाळला की लेबल त्याच्याबरोबर सोलून येतं, म्हणून ओला असतानाच स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडून तो काढा, बोटानं चोळू नका. बाटली लेबल वर करून आडवी ठेवा, टीपकागद टेकवा, सावलीत वाळवा. उन्हात शाई फिकी पडते आणि कागदाच्या कडा वळतात.

आतला पांढरा थर क्षाराचा असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घालून एक दिवस ठेवा; मग मूठभर तांदूळ आणि साबणपाणी घालून हलवा. वाळू नको, ओरखडे पडतात. कढत पाणी तर नकोच, गार जाड तळ तडकतो. एवढं करूनही धुरकटपणा राहिला तर काचच खराब झालेली आहे. तेलाचं बोट फिरवून ती चकचकीत करून विकणारे असतात. घेण्याआधी आतून बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसून बघावी.