डॉक्टरांनी आधी जेवणाचं विचारलं

"काल दिवसभरात काय काय खाल्लंत?" मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं आणि मला पटकन आठवेना. सकाळी कॉफी, दुपारी कॉफी, संध्याकाळी बिस्किटं, रात्री पुन्हा कॉफी. झोप, रडू, कामात न लागणारं लक्ष, हे सगळं सांगायच्या तयारीने मी गेले होते. जेवणाचं कुणी विचारेल हे डोक्यातही नव्हतं.

निदान नैराश्याचं झालं. गोळ्या सुरू झाल्या आणि सोबत रक्ततपासणीही सांगितली: हिमोग्लोबिन, थायरॉईड, ड जीवनसत्त्व, बी१२. बी१२ निघालं १३८. साधारण २०० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. थकवा, विसरभोळेपणा, पायांना येणाऱ्या मुंग्या, सगळं मी मनाच्या आजारावर ढकललं होतं. यकृतात बी१२चा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे तूट कधी सुरू झाली ते कळतही नाही. इंजेक्शनं घेतल्यावर मुंग्या हळूहळू गेल्या. उदासी मात्र तिथेच होती.

मग आहारतज्ज्ञांकडे गेले. पथ्याची मोठी यादी मिळेल असं वाटलं होतं, मिळाली एक वही. वेळ, काय खाल्लं, भूक होती का, मन कसं होतं, एवढंच लिहायचं. पहिल्या आठवड्यात भुकेच्या रकान्यात रोज 'नाही'. त्या म्हणाल्या, "भुकेची वाट बघू नका. या आजारात भूक मरते. गोळीसारखं घड्याळ बघून चार घास खा."

ऐकायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी उकडलेलं अंडं हातात धरून मी ओट्यापाशी उभीच राहिले. टरफल सोलणंही जिवावर आलं होतं. हे वहीत लिहिलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सकाळचं खाणं बदललं: केळं, दही, मूठभर दाणे. शिजवायचं नाही, सोलायचं तर फक्त केळं. नैराश्यातल्या माणसाला काय दिलं म्हणजे तो खरंच खाईल, हे ओळखणारं माणूस भेटणं फार मोठी गोष्ट आहे.

कॉफी एकदम तोडली नाही, डोकं दुखतं म्हणून. आधी दुपारनंतरची बंद केली. प्यायलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पाच-एक तासांनीही अंगात असतं. झोप सुधारली ती इथून.

मधेच एका नातेवाइकांनी सांगितलं, "खाणं सुधारलंय ना, मग गोळ्या सोड." मी सोडणारही होते. तेव्हा डॉक्टरांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला अभ्यास समजावला. नैराश्याचे ६७ रुग्ण, १२ आठवडे. आहारतज्ज्ञांची मदत मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ गेली, नुसती गप्पांची सोबत मिळालेल्यांत ८ टक्के. अभ्यास लहान, आणि त्यातल्या बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशनाचे उपचार चालूच होते. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. गोळ्या मी चालू ठेवल्या.

अकराव्या आठवड्यात, दुपारी एक वाजता, भुकेच्या रकान्यात पहिल्यांदा 'हो' लिहिलं.