आमची वाटचाल : पत्र्याचा भाव आणि आयात शुल्क

आम्ही पत्र्याचे ब्रॅकेट, कव्हर आणि पॅनेल प्रेसवर काढतो. कच्चा माल एकच, ०.८ ते २ मिलिमीटरचा कोल्ड रोल्ड (थंड असताना लाटलेला) पोलादी पत्रा. सुरुवातीला खरेदी म्हणजे टनाचा भाव विचारून ऑर्डर देणं. पोलादाच्या आयातीवर संरक्षक (सेफगार्ड) शुल्क लागलं आणि तेवढ्यावर भागेनासं झालं.

तेव्हापासूनचा आमचा हिशोब असा. १०० च्या मालात पत्रा ६० चा. उरलेल्या ४० मध्ये मजुरी, वीज, डाय (पत्रा कापायचा-वाकवायचा साचा), भाडं आणि नफा. पत्र्यावर २५ टक्के शुल्क लागलं की तोच पत्रा ७५ ला पडतो. तयार मालावर शुल्क १० टक्केच असेल, तर आम्हाला ११० च्या वर जाता येत नाही, कारण त्या भावात बाहेरचा तयार ब्रॅकेट दारात येतो. ११० मधून ७५ गेले, उरले ३५. कागदावर आम्हालाही १० टक्के संरक्षण आहे, हातात मात्र ४० चे ३५ झाले. म्हणून शुल्काचा आदेश आला की आपण घेतो त्यावर किती आणि विकतो त्यावर किती, हे दोन्ही दर शेजारी मांडून बघावेत.

देशी पत्रा घ्या, असं सगळे सांगतात. पण पत्रा बनवणारी मिल आपला भाव आयात मालाची लँडेड कॉस्ट, म्हणजे शुल्कासह दारात पडणारी किंमत, बघून लावते. आयात ७५ ला पडायला लागली की देशी पत्राही ७३-७४ वर जातो. हे वाढीव पैसे सरकारी तिजोरीतही जात नाहीत, मिलकडे जातात. शिवाय उधारीचे दिवस घटतात, किमान ऑर्डर वाढते आणि लहान गिऱ्हाइकाचा नंबर शेवटी लागतो. आमच्या मते भाववाढीपेक्षा हाच मार जास्त बसतो.

मिल बदलायची तर डायला विचारावं लागतं. पंच (वरून दाबून कापणारं हत्यार) आणि डायमधली फट साधारणपणे दर बाजूला जाडीच्या ५ ते १० टक्के, १.२ मिलिमीटरला ०.०६ ते ०.१२. नवा पत्रा जरा जाड किंवा कडक आला की कडेला बर (खरखरीत धारदार काठ) वाढते, पंचाची धार लवकर जाते. वाकवल्यावर पत्रा थोडा परत उघडतो तो स्प्रिंगबॅक बदलतो, ९० चा कोन ९२ ला उघडतो आणि भोकं जुळत नाहीत. त्यामुळे आधी पत्र्याची एकच कॉइल (गुंडाळी) मागवतो, तिच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे तुकडे मोजतो, वाकवून बघतो, मगच मोठी ऑर्डर.

कागदांतही चूक महागात पडते. ६०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, लेप नसलेला बिनमिश्र कोल्ड रोल्ड पत्रा सीमाशुल्काच्या ७२०९ या वर्गक्रमांकात बसतो. तोच चिरून अरुंद केला की ७२११. पूर्ण क्रमांक याहून लांब असतो; त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे वेगळे. आदेशात नेमके कोणते क्रमांक आहेत, ते ऑर्डरआधी तपासायचं. अँटी-डंपिंग शुल्क (घरच्या भावाहून स्वस्तात ओतलेल्या मालावरचं) उत्पादकागणिक वेगळं असतं, म्हणून मालासोबत येणाऱ्या मिल सर्टिफिकेटवरचं नाव आणि आदेशातलं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं.

शेवटी हे सारं वापरणाऱ्याच्या खिशातून जातं. अमेरिकेने २०१८ मध्ये वॉशिंग मशीनच्या आयातीवर शुल्क लावलं, तेव्हा मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागली. कपडे वाळवायच्या ड्रायरवर शुल्क नव्हतं, पण दोन्ही जोडीने विकले जातात, म्हणून ड्रायरही जवळपास तेवढाच चढला.

डंपिंग होतच नाही, असं आम्ही म्हणत नाही. आपल्या घरच्या बाजारापेक्षा स्वस्तात माल ओतणारे असतात आणि त्यात चांगले कारखाने बंद पडतात. पण शुल्काला मुदत हवी. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमात सेफगार्ड शुल्क आधी ४ वर्षांपर्यंत, वाढवून साधारणपणे जास्तीत जास्त ८, विकसनशील देशांना १०. आणि एका वर्षाहून लांबलं तर टप्प्याटप्प्याने कमी करावं लागतं. पुढचे दर आधी कळले तर डाय, साठा, करार सगळं त्या बेताने आखता येतं.

आमच्या कोटेशनवर आता पत्र्याचा भाव, शुल्क आणि आमची मजुरी वेगवेगळ्या ओळीत असतात. कोटेशनची मुदत १५ दिवस. माल जहाजावर असताना शुल्क बदललं तर फरक कोणी भरायचा, हेही ऑर्डर घेतानाच लिहून घेतो; कारण बऱ्याच ठिकाणी ऑर्डरच्या नव्हे, तर आयातीचे कागद दाखल केल्याच्या तारखेचा दर लागतो.