आमची वाटचाल : कोणत्या कामाला कोणाचा पैसा

द्राक्षावर केवडा, म्हणजे डाऊनी हा बुरशीचा रोग, येणार की नाही हे बरंचसं पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं यावर ठरतं. ते ओले तास मोजणारा सेन्सर आणि त्याच्या नोंदी फोनवर पाठवणारं यंत्र आम्ही बनवतो. नाशिक पट्ट्यातल्या निर्यातीच्या बागेत एक फवारणी वाचली की औषध-मजुरी तर वाचतेच, शिवाय रेसिड्यूची, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची, धास्तीही कमी होते. त्यामुळे गिऱ्हाईक होतंच. प्रश्न होता तो त्याच्यापर्यंत पोचेस्तोवरचा खर्च कोणी करायचा, हा.

साधा सेन्सर म्हणजे सर्किट बोर्डावर कंगव्याच्या दातांसारख्या तांब्याच्या पट्ट्या. पाणी पडलं की दोन पट्ट्यांमधला रोध कमी होतो. टेबलावर हे झकास चालतं. बागेत बोर्डोच्या फवारण्या झाल्या की त्यावर मोरचूद-चुन्याचा थर बसतो, तो हवेतला दमटपणा धरतो आणि कोरडं पान ओलं दिसायला लागतं. त्यात डीसी करंट दिला तर पट्ट्याही खराब होतात. म्हणून पट्ट्या लेपाखाली झाकून रोधाऐवजी धारकता (कपॅसिटन्स) मोजावी लागते. मग लेपाची जाडी नगागणिक जराशी बदलली तरी ओलं-कोरडं ठरवणारा आकडा सरकतो, म्हणजे प्रत्येक नग वेगळा कॅलिब्रेट करणं आलं. एवढं करूनही यंत्राचे तास आणि बागेत दिसलेला रोग यांचा ताळा वर्षातून एकदाच घेता येतो, ऑक्टोबर छाटणीनंतर.

या कामाला गुंतवणूकदार पैसे घालत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. उत्तर ‘जमत नाही’ असं येऊ शकतं. ‘जमतं’ असं आलं, तरी कोणत्या तापमानाला किती ओले तास धोक्याचे, ही माहिती उद्या कोणीही वापरेल. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या सरकारी संस्थांनी रोगांवर काम केलं नसतं, तर आमच्या आकड्यांचं करायचं काय, हेच कोणाला कळलं नसतं.

म्हणून पहिला टप्पा अनुदानाचा. इथे योजनांचा क्रम महत्त्वाचा. निधी-प्रयास या केंद्र सरकारच्या योजनेत प्रोटोटाइपसाठी 10 लाखांपर्यंत मिळतात. 2021 साली आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात चाचण्यांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान आहे, पण त्याच्या नियमांत अट अशी की आधी इतर सरकारी योजनांतून 10 लाखांपेक्षा जास्त घेतलेलं नसावं आणि अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी. आधी मोठं अनुदान घेतलं तर हे दार बंद. कंपनी घाईने नोंदवून ठेवली, तर दोन वर्षं कागदावरच सरतात.

हिशेबाची शिस्त पहिल्या दिवसापासून लागते. अनुदानाचं खातं वेगळं ठेवा, कारण त्यावरचं व्याज परत करावं लागतं. ज्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलं, तो अनुदानाच्या खर्चात धरू नका. खर्चाच्या एका शीर्षाचे पैसे दुसऱ्याकडे वळवायचे तर परवानगी आधी.

खरी गोची होते ती कॅलेंडरची. सरकारचं वर्ष मार्चला संपतं, पैसे ठरल्या कामालाच लागले असं सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर पुढचा हप्ता सुटतो. छाटणी त्यासाठी थांबत नाही. सेन्सर ऑगस्टअखेर तयार हवेत, म्हणजे सुटे भाग जूनमध्येच मागवायला हवेत. हप्ता ऑक्टोबरात आला तर हंगाम गेला, म्हणजे वर्षच गेलं. म्हणून अर्जात टप्पे लिहितानाच सुट्या भागांची खरेदी पहिल्या हप्त्यात घालावी. आणि चाचणीच्या टप्प्याची कसोटी ‘ठरलेल्या बागांतून हंगामभर नोंदी मिळाल्या’ अशी ठेवावी. ‘नव्वद टक्के अचूकता’ लिहून ठेवलं की प्रामाणिक नकारात्मक निकालावरही हप्ता अडतो.

यानंतरचा मधला पट्टा सगळ्यात कठीण. थ्रीडी प्रिंटरवरची पीएलए प्लॅस्टिकची पेटी साधारण 60 अंशांना मऊ पडते, बागेतल्या उन्हात ती टिकत नाही. साचा करायचा तर खर्च लाखांत. नोंदी पाठवायच्या रेडिओच्या 865 ते 868 मेगाहर्ट्झ पट्ट्याला वापराचा परवाना लागत नाही, पण यंत्राला डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस विभागाची, ईटीए ही मंजुरी लागते. अनुदान देणारे याला उत्पादन म्हणतात, गुंतवणूकदार म्हणतो आधी ऑर्डरी दाखवा. आमच्या मते इथे गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स हाच सगळ्यात बरा पैसा. निर्यातदार पॅकहाऊस तो देतात, फक्त ‘दुसऱ्या कोणाला विकायचं नाही’ असं कलम घालतात. ते एका हंगामापुरतं आणि एका तालुक्यापुरतं मान्य करावं. डिझाइनची मालकी मात्र द्यायची नाही.

करसवलतीचा लहान कंपनीला फारसा उपयोग नाही. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 35(2एबी) खाली संशोधनखर्चावर एके काळी 200 टक्के वजावट होती, ती आधी 150 आणि मग 100 टक्क्यांवर आली. पण नफाच नसेल तर वजावट कशातून घ्यायची? 2025 साली मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोपक्रम) योजनेचा भर दीर्घ मुदतीच्या, कमी व्याजाच्या कर्जावर आहे. कर्ज ‘जमत नाही’ या उत्तरानंतरही फेडायचं असतं.

आता भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या बुरशीच्या रोगाचं काम हाती आहे. भुरीला ओलं पान लागत नाही, त्यामुळे आमचा सेन्सर तिथे जवळपास निरुपयोगी. काय मोजायचं इथपासूनच सुरुवात आहे. त्याचा अर्ज पुन्हा सरकारी योजनेकडेच जाणार, आणि जुन्या सेन्सरचा पुढचा लॉट ॲडव्हान्समधून निघेल.